दुहेरीबाईची साक्ष

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वाक्य दुहेरीबाईला त्या एका आठवड्यात निदान अकरा जणांनी ऐकवलं. अकरावा होता कोपऱ्यावरचा चष्मेवाला. त्याचं बोलणं संपायच्या आत तिच्या सासूने त्याला उत्तर दिलं, "शहाण्यांनी खुशाल घरी बसावं. आम्ही दोघी जाऊन येतो."

आणि त्या खरंच जाऊन येत राहिल्या. अडीच वर्षं.

दुहेरीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती एकोणीस वर्षं शिलाई मशिनवर होती. जिथे एका शिवणीवर भागतं तिथे तिचा हात आपोआप दुसरी शिवण मारून मोकळा व्हायचा. दोरा वाया जातो म्हणून वरचे लोक कुरकुरत. त्यावर तिचं म्हणणं, "अहो, घालणारा माणूस वाकणार, बसणार, हात वर करणार. उसवलं की शिव्या मला बसतील, तुम्हाला नाही." म्हणून सगळ्या जणी तिला दुहेरी म्हणायला लागल्या, आणि नव्याने लागलेल्या मुलींना तर तेच तिचं नाव वाटायचं. अंगाने बारकी, चालण्यात घाई, जिभेला धार. हसली की मशिनच्या आवाजावरूनही ऐकू यायची.

नवरा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. घरात ती आणि सासू. सासूने मोठ्या दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात तीस वर्षं आया म्हणून काम केलेलं. निवृत्त झाली तरी तिचा आवाज वॉर्डातलाच राहिला होता. घरात पाणी मागितलं तरी शेजारच्या तीन घरांना कळायचं.

त्या दिवशी अस्तराचं कापड कमी पडलं, म्हणून दुहेरीबाई कारखान्याच्या मागच्या गोदामात गेली. मॅनेजर तिच्या पाठोपाठ आत आला आणि त्याने दार लोटलं. पुढे काय झालं ते तिला नंतर चार वेळा सांगावं लागलं. सासूला, पोलिसांना, डॉक्टरीणबाईंना आणि कोर्टात. पाचव्यांदा इथे सांगण्याची गरज नाही. एवढंच, की ती ओरडली, पण बाहेर साठ मशिनं चालू होती. तिने त्याला ढकललं, ओरबाडलं, जमेल ते सगळं केलं. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला, तेव्हा तो केस सारखे करत, काहीच न घडल्यासारखा निघून गेला.

अंगाभोवती अस्तराचा तुकडा गुंडाळून ती घरी आली, आणि काहीही न बोलता न्हाणीघरात बादली भरायला लागली. सासूने दारातून तिच्याकडे पाहिलं. तीस वर्षं बायका पाहिलेली ती बाई. तिला एक नजर पुरली.

"कोण?" तिने विचारलं.

"मॅनेजर."

सासू आत आली आणि तिने भरलेली बादली मोरीत उपडी केली.

"अंघोळ नंतर," ती म्हणाली. "मी वॉर्डात बघितलंय, पोरी. पोरी बिचाऱ्या घासून घासून धुऊन यायच्या, आणि मग सगळे विचारायचे, पुरावा कुठाय? कपडे अंगावर आहेत तसेच राहू दे. वरून माझी शाल घे. चल."

"लोक काय म्हणतील, आई?"

"म्हणू देत. लोकांना दुसरं काम काय आहे? चप्पल घाल."

दुपारी दीडला त्या पोलीस चौकीत होत्या. तिथली फौजदारबाई तरुण होती, पण कामाला वाघीण. कुर्ता जप्त झाला, तपासणी झाली, मनगटावरचे आणि खांद्यावरचे वळ कागदावर उतरले. संध्याकाळी पाचला फौजदारबाईने मॅनेजरला कारखान्यातूनच उचललं आणि त्याच्या अंगावरचे कपडे पंचांसमोर काढून घेतले.

नवऱ्याला फोन केला तेव्हा तो दोन दिवसांच्या अंतरावर होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कशाला पोलीसबिलीस? नोकरी सोड. घरी बस. विषय मिटव."

सासूने सुनेच्या हातातून फोन ओढून घेतला. "विषय मिटवायला ती काय पाटीवरचं अक्षर आहे? तू ट्रक बघ. इथलं आम्ही बघतो." आणि फोन ठेवून दिला.

*

खटला लागला, पण तारखा पडायला लागल्या. कधी न्यायाधीश रजेवर, कधी आरोपीचा वकील आजारी, कधी साक्षीदाराला समन्सच पोचलेलं नाही. सरकारी वकील दोनदा बदलले. तिसरी आली ती एक पोरसवदा वकीलबाई. तिला कायमची सर्दी आणि बगलेत कायमची फायलींची चळत. पहिल्याच भेटीत ती म्हणाली, "माझ्याकडे अशा चाळीस केसेस आहेत. पण तुमची मी रात्रभर वाचून आले आहे." दुहेरीबाईला ती तिथेच आवडली.

कारखान्यात तिला मशिनवरून उठवून पॅकिंगला बसवलं होतं. बरोबरीच्या बायका डबा खाताना तिच्याजवळ बसायच्या, पण साक्ष द्यायचं म्हटलं की प्रत्येकीच्या तोंडाला कुलूप. तिने कुणालाच दोष दिला नाही. मात्र घरी येऊन सासूसमोर तासभर बडबडायची, आणि सासू ऐकून घ्यायची, "हं. हं. अजून काय राहिलं असेल तर तेही काढ," म्हणायची.

शेवटी तिच्या साक्षीची तारीख आली.

दुसऱ्या मजल्यावरची ती कोर्टखोली तिला वाटली होती त्यापेक्षा बरीच लहान होती. भिंतीवर ओल, डोक्यावर करकरणारा पंखा, पाय डुगडुगणारं टेबल. दारं लावून घेतली आणि बाकीच्यांना बाहेर काढलं. सोबत एक माणूस ठेवायची मुभा होती. सासू पहिल्याच बाकावर ऐसपैस बसली. आरोपी आणि साक्षीदार यांच्यामध्ये एक हिरवा पडदा उभा केला होता, म्हणजे तिला त्याचं तोंड बघावं लागू नये. पण सासूने बसायची जागा अशी निवडली होती, की आपल्याला पडद्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं दोन्ही दिसावं.

सकाळचा वेळ सरकारी वकीलबाईच्या प्रश्नांत गेला. दुहेरीबाईचा आवाज दोनदा फुटला. एकदा न्यायाधीशांनी स्वतः पाण्याचा पेला पुढे सरकवला. ते वयस्कर होते, कमी बोलणारे, आणि प्रत्येक उत्तर टंकलेखिकेला हळू सांगून टाइप करून घेणारे.

मग आरोपीचा वकील उठला. त्याचा आवाज मधात बुडवून काढल्यासारखा.

"ताई, तुम्ही शिवणकाम किती वर्षं करता?"

"एकोणीस."

"म्हणजे शिवण उसवणं हा तुमच्या डाव्या हाताचा मळ."

"उसवायला उजवा हात लागतो, साहेब. डाव्याने कापड धरायचं असतं."

टंकलेखिकेला हसू आलं आणि तिने मान खाली घातली. वकीलही हसला, पण ते हसू फक्त दातांपर्यंत पोचलं.

"तेच म्हणतोय मी. लाइनच्या मुख्य बाईची जागा माझ्या अशिलांनी तुम्हाला न देता दुसरीला दिली. तुम्हाला राग आला. तुम्ही घरी गेलात, स्वतःचा कुर्ता स्वतःच्या हाताने उसवलात आणि चौकी गाठलीत. खरं ना?"

"खोटं. आणि कुर्ता उसवलेला नाहीच. दाखवा मला."

मुद्देमालातला कुर्ता तिच्यासमोर आला. निळा, पांढऱ्या बारीक फुलांचा. सव्वादोन वर्षांनी ती तो बघत होती. क्षणभर तिला गोदामातला नव्या कापडाचा वास आला. तिने कठडा घट्ट धरला. मग कुर्ता हातात घेतला मात्र, तिची बोटं आपोआप शिवणीवर फिरायला लागली, जशी रोज शंभर कपड्यांवर फिरत. आणि तिचा आवाज बदलला.

"साहेब, हे बघा. उसवतात तेव्हा दोरा कापतात, कापडाला धक्का लागत नाही. इथे शिवण जशीच्या तशी आहे. टाक्यांच्या दोन्ही ओळी शाबूत. फाटलंय ते शिवणीच्या शेजारचं कापड, आणि तेही खांद्याच्या मागून खाली. माझा हात मागे इथपर्यंत पोचतो, पण एवढा जोर लागत नाही. तुम्ही करून बघा. तुमचा काळा कोट मागून फाडून दाखवा, मी लगेच शिवून देते."

न्यायाधीशांनी कुर्ता मागून घेतला, चष्मा वर करून अगदी जवळून पाहिला आणि टंकलेखिकेकडे वळून सावकाश सांगितलं, "शिवण शाबूत आहे. लिहा."

मशिनगनसारखा टकटकाट झाला. सरकारी वकीलबाई सर्दी विसरून ताठ बसली.

आता वकिलाला तिथेच थांबता आलं असतं. पण साक्षीदार बाई सरस ठरतेय हे त्याला सोसवेना, आणि त्याने हात दाखवून अवलक्षण केलं.

"बरं ताई, कापडाचं राहू द्या. जप्तीच्या कागदावर माझ्या अशिलांच्या पँटच्या पायाशी, बाहेरच्या दुमडीत, एक पांढरं बटण मिळाल्याची आणि ते पाकिटात सीलबंद केल्याची नोंद आहे. उद्या सरकारी पक्ष म्हणेल, ते बटण तुमचं. मी आजच विचारून टाकतो. तुमच्या कारखान्यात दिवसाला किती बटणं जमिनीवर पडतात?"

दुहेरीबाई कठड्यावरून पुढे वाकली.

"बटण सापडलंय?" तिने विचारलं.

सव्वादोन वर्षांत कुणी तिला हे सांगितलंच नव्हतं. आधीच्या दोन वकिलांनी तो कागद कधी नीट उलगडला नव्हता. तिसरीने वाचला होता, पण 'एक पांढरे बटण' या तीन शब्दांत काय दडलंय ते शिवणकाम न येणाऱ्याला कळायचं कसं? दुहेरीबाईची समजूत, की झटापटीत तुटलेलं ते बटण गोदामात कुठेतरी कापडाच्या थानांखाली गेलं आणि झाडलोटीत संपलं.

"प्रश्नाचं उत्तर द्या," वकील म्हणाला. "किती पडतात?"

"शे-दोनशे."

"आणि माझे अशील दिवसभर त्याच जमिनीवर फिरतात. मग एखादं उडून दुमडीत जाईल की नाही?"

"जाईल."

"झालं तर मग!" तो बसायला वळला.

"झालं नाही, साहेब." पुढचं वाक्य तिने जवळजवळ ओरडूनच म्हटलं. "कारखान्यात पडतात ती कोरी बटणं. त्यांना दोरा लागलेला नसतो. माझ्या कुर्त्याचं बटण मी घरी हाताने लावलेलं. खाली दोऱ्याची मान, तिला तीन वेढे, मागून गाठ. ते ओढलं तर सुटत नाही. ते कापड घेऊन निघतं. ते पाकीट उघडा. त्या बटणाच्या खाली निळं कापड असणार."

टंकलेखिकेने टाइप करता करता मान वर केली.

"आणि नसलं तर?" वकिलाने विचारलं.

"नसलं तर माझी साक्ष खोटी म्हणून लिहा."

सरकारी वकीलबाईच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्या साक्षीदाराने भर कोर्टात असली पैज लावावी हे कुठल्याच पुस्तकात बसत नाही. आरोपीच्या वकिलाने हरकत घेतली, की पाकीट आत्ता उघडायचं कारण नाही. न्यायाधीशांनी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं.

"बटणाचा विषय तुम्हीच काढलात, वकीलसाहेब. आता शेवटपर्यंत जाऊ या. पाकीट द्या इकडे."

कारकुनाने लाखेचं सील दाखवलं, नोंद घेतली, सील फोडलं. पाकिटात घडी केलेला कागद होता आणि कागदात बटण. न्यायाधीशांनी ते पांढऱ्या कागदावर अलगद उपडं केलं. बटण पडलं ते नेमकं सुलट. साधं, पांढरं, चार भोकांचं. दुसरं काहीच दिसेना. वकिलाच्या चेहऱ्यावर हसू पसरायला सुरुवात झाली. सासूने पदराचं टोक दातात धरलं.

न्यायाधीशांनी पेन्सिलच्या टोकाने बटण उलटं केलं.

खाली दोऱ्याची आखूड मान होती, आणि तिच्या टोकाला नखाएवढा निळा तुकडा. तुकड्यावर अर्धं पांढरं फूल.

"कुर्ता," न्यायाधीश म्हणाले.

सरकारी वकीलबाईने कुर्त्याची गळपट्टी सरळ केली. दुसऱ्या बटणाच्या जागी नखाएवढं भोक होतं, आणि भोकाच्या काठावर फुलाचा उरलेला अर्धा भाग. न्यायाधीशांनी तुकडा पेन्सिलनेच सरकवत तिथे नेला. फूल पुरं झालं.

टंकलेखिका हात वर धरून तशीच थांबली होती. मग न्यायाधीशांनी शब्द शब्द तोलून सांगायला सुरुवात केली, "साक्षीदाराने पाहण्यापूर्वी केलेलं वर्णन आणि पाकिटातली वस्तू..." आणि टकटकाट पुन्हा सुरू झाला. दुहेरीबाईला त्यातला एक शब्द कळत नव्हता. पण तिला मोठ्याने हसावंसं वाटत होतं. आपण त्या दिवशी किती झगडलो होतो, याचा साक्षीदार इतके दिवस लाखेच्या सीलमागे गप्प बसून होता!

"आणखी काही प्रश्न?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाहीत," वकील म्हणाला. आवाजातला मध आटला होता.

बाहेर आल्यावर तिने सासूचा दंड धरला. "आई, पडद्यामागे तो काय करत होता?"

"घाम पुसत होता," सासू म्हणाली. "आधी रुमालाने. मग रुमाल भिजला, तर बाहीने. डोळे भरून बघून घेतलं मी."

*

बटण आणि कुर्ता प्रयोगशाळेत गेले, आणि एकाच कापडाचे असल्याचा कागद घेऊन परत आले. मॅनेजरने आधी लिहून दिलं होतं, की त्या दिवशी तो गोदामाकडे फिरकलाच नाही, वरच्या खोलीत फोनवर होता. मग तिच्या कुर्त्याचं कापड त्याच्या पँटच्या दुमडीत गेलं कसं? आणि एक गोष्ट कुणी सांगितल्याशिवाय घडली. इस्त्रीवर काम करणारी एक अबोल बाई आपणहून सरकारी वकीलबाईच्या दारात उभी राहिली. "भोंग्याच्या वेळी तो गोदामातून बाहेर येताना मी पाहिला," ती म्हणाली. "नोकरी जाईल म्हणून भ्यायले. आता सांगते." कोर्टात तिची साक्ष अवघी सात मिनिटं चालली, पण ती इंचभर हलली नाही.

निकालाच्या दिवशी खोलीची दारं उघडी होती. पॅकिंगच्या बायका अर्धा दिवस रजा टाकून आलेल्या. चष्मेवालासुद्धा आला होता आणि सासूची नजर चुकवत मागे उभा होता. न्यायाधीश नेहमीच्याच हळू आवाजात वाचायला लागले. पानं उलटत होती, कलमं येत होती, आणि दुहेरीबाईला ऐकू येत होता फक्त स्वतःच्या कानातला ठोका. बाजूच्या बाईचा हात तिने इतका दाबला की त्या बाईच्या बांगडीचा वळ नंतर दोघींच्या हातावर दिसत होता.

"...आरोपी दोषी असल्याचं हे न्यायालय ठरवत आहे."

मागून कुणीतरी किंचाळलं. शिपाई "शांतता, शांतता" म्हणत राहिला आणि शेवटी स्वतःच हसला. शिक्षा दहा वर्षांची. सरकारी वकीलबाईने शिंक आणि हुंदका एकदमच दिला. दुहेरीबाई मात्र रडली नाही. ती उठून उभी राहिली, न्यायाधीशांना हात जोडले, आणि पहिल्यांदाच मान वळवून त्या माणसाकडे सरळ पाहिलं. पडदा आज नव्हता. त्यानेच मान खाली घातली.

घरी आल्यावर ती दुपारी चारला आडवी झाली आणि तशीच झोपली. दिवेलागणीला सासूने हाक मारली, ती उठली नाही. जेवायला हाक मारली, उठली नाही. वॉर्डातल्या सवयीने सासूने नाकापुढे हात धरून श्वास पाहिला, समाधानाने मान हलवली, आणि मुलाला फोन लावून एवढंच ओरडली, "दहा! दहा वर्षं!" शेजारच्या तीन घरांनाही आपोआप कळलं.

सकाळी साडेसातला गल्लीत भला मोठा हॉर्न वाजायला लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. दुहेरीबाई दचकून उठली आणि केस बांधत खिडकीत आली. खाली नवऱ्याचा ट्रक गल्लीच्या तोंडात बुचासारखा बसला होता. ही गल्ली ट्रक घेत नाही हे त्याला पंधरा वर्षं माहीत होतं, पण निरोप मिळाल्यापासून तो जो निघाला होता तो कुठे थांबलाच नव्हता. लोक आरडाओरडा करत बाहेर आले होते. तो दार उघडून पायरीवर उभा राहिला. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. वर खिडकीकडे बघून त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"मी तेव्हा चुकलो!" तो सगळ्या गल्लीदेखत ओरडला. "फोनवर जे बोललो ना, ते चुकलंच माझं!"

सगळ्यांच्या माना वर, खिडकीकडे.

दुहेरीबाईचे डोळे आत्ता कुठे भरून आले. पण ट्रकच्या मागे शाळेची पिवळी गाडी अडकली होती आणि तिच्या प्रत्येक खिडकीतून दोन-दोन मुंडकी बाहेर लोंबत होती.

"कळलं!" तिने खालच्यापेक्षा मोठ्याने ओरडून सांगितलं. "आधी ट्रक मागे घे! पोरांना उशीर होतोय!"